एकतीस जामीन

नांदेले, २ जून २०१२

ति. हमदानीदादास सोमोएचा सलाम, वि. वि.

आईच्या घशाखाली आता फक्त पेज उतरते. डॉक्टर म्हणाले, काजू उतरेपर्यंत निभावली तरी पुष्कळ. ती रोज एकच विचारते, हमदानी कधी येणार. मी गुरुवारी म्हणून सांगून बसलेय.

तुला सोडायला मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दोनच जामीन मागितलेत, पण मामा ऐकतील तर शपथ. माझ्या भाच्याला दोनच माणसं मिळाली का, म्हणाले, आणि ट्रक ठरवून मोकळे. एकतीस जण येताहेत, प्रत्येकाजवळ वाडीच्या अध्यक्षाचं शिक्क्याचं पत्र. सोसायटीच्या गोदामातलं, काजूवर फवारायचं चाळीस पोती गंधक तू गिळलंस म्हणे. तुला दुसऱ्यांदा वाढलेली मक्याची उगाली पचत नाही, ते त्यांना कुणी सांगावं?

लोभ आहेच, तो घेऊन घरी ये.

तुझी सोमोए

तुरुंग, म्त्वारा, ८ जून

चि. सोमोएस अ. आ.

नाही सुटलो. साहेब पत्रं चाळत होते, मामांकडे बघून हसलेसुद्धा. तेवढ्यात सरकारी वकील उठला आणि एक कागद पुढे केला. दार-एस-सलामच्या मोठ्या सरकारी वकिलाची सही. मला सोडलं तर देशाच्या हिताला धोका आहे, एवढंच त्यात. आपल्या वकिलाने विचारलं, कसला धोका? साहेब म्हणाले, हा कागद आल्यावर मलाही विचारता येत नाही, तुमचं ऐकताही येत नाही. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मला एक शब्द बोलू दिला नाही गं. आईला काहीतरी सांग.

हमदानी

नांदेले, १७ जून

ति. दादास सलाम.

आईला सांगितलं, साहेब आजारी पडले. ती त्यांच्यासाठी दुवा मागते.

मामांचं बघवत नाही. एवढी गर्दी बघूनच सरकार बिचकलं, असं ट्रकमध्ये कुणीतरी बोललं. तेव्हापासून माझ्याच हौसेनं पोर अडकलं, असं धरून बसलेत. जेवत नाहीत, आईला तोंड दाखवत नाहीत. त्यांची चूक नाही असं मी तरी कुठल्या तोंडाने सांगू? खरं कारण कुणालाच माहीत नाही.

सोमोए

तुरुंग, २६ जून

चि. सोमोएस अ. आ.

वकिलाने त्या कागदाची नक्कल दाखवली. सही २५ मेची आहे. तेव्हा ट्रक ठरला नव्हता, साहेबांनी जामीनही मागितले नव्हते. आपण काहीही केलं असतं तरी तेच होणार होतं. हे पत्र मामांना वाचून दाखव. त्यांना जेवायला घाल.

हमदानी

नांदेले, ८ जुलै

ति. दादास सलाम.

आई मंगळवारी गेली. त्याच दुपारी पुरलं, तुला कळवणार कसं? शेवटपर्यंत दाराकडे तोंड होतं.

तुझं पत्र काल आलं. मामांना दोनदा वाचून दाखवलं. वाटलं, हायसं वाटेल त्यांना. तर म्हणाले, "माझी चूक असती तर बरं झालं असतं, पोरी. पुढच्या वेळी दोघांनाच नेलं असतं."

जपून राहा. आमची आठवण ठेव.

तुझी सोमोए