शोकुंबी मास्तरांची सही

१३ सप्टेंबर १९६५. इलेमो, पश्चिम नायजेरिया

पोचलो एकदाचा! इबादानच्या शाळेत फळा पुसणारा मी आता इथला निवडणूक अधिकारी. घरमालकीण इया तोयिन म्हणजे साऱ्या गल्लीची आई. आमाला पिठाचा गरम गोळा आणि भेंडीचं कालवण वाढता वाढता म्हणाली, गोरे जाऊन पाच वर्षं झाली मास्तर, आता आपलं आपण नीट करून दाखवा. दोनदा वाढून घेतलं. कचेरीची खिडकी बाजाराकडे उघडते. विणकरांचे माग दिवसभर खटखटतात. गाव आवडलं.

२० सप्टेंबर

अर्जांचा दिवस. सरकार पक्षाचा उमेदवार ढोल वाजवत आला. विरोधी पक्षाचे लाडोजा औषधाचं दुकान चालवतात. ते सायकलवरून आले, मागे दहा सूचक. दोन्ही अर्ज तपासले, पोच दिली. संध्याकाळी जिल्हा अधिकारी आले. म्हणाले, अर्ज एकच आलाय. मी दुसरा पुढे ठेवला. ते हसले. "मास्तर, तुम्ही फार वाचता हो."

२३ सप्टेंबर

सूचक सह्या मागे घ्यायला येताहेत. पहिला विणकर फातोकी. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. सही माझी नव्हेच, म्हणाला. कुणी आणलं विचारलं, तर खिडकीतून पोलिसांच्या जीपकडे बघत राहिला. दुपारपर्यंत सात जण. सातही जणांचं तेच वाक्य, पाठ केल्यासारखं. आज माग वाजत नाहीत.

२५ सप्टेंबर

लाडोजा दोन दिवस बेपत्ता. त्यांची बायको मोरेनिके कचेरीच्या पायरीवर बसून आहे. जिल्हा अधिकाऱ्यांनी 'बिनविरोध' टाइप केलेला कागद पुढे सरकवला. सही केली नाही. लाडोजांचा अर्ज कुठाय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही, दडवून ठेवलाय. इया तोयिन खोली सोडा म्हणाली. रडत होती.

२७ सप्टेंबर, दुपार

रेडिओवर – निवडणूक अधिकारी शोकुंबी यांनी इलेमोची जागा बिनविरोध जाहीर केली. मी? मी कधी –

बाजारात कुणी माझ्याकडे बघेना. मोरेनिके उठून समोर आली. "मास्तर, तुम्हीसुद्धा त्यांचेच निघालात?"

बुटातून अर्ज काढून दिला. नवऱ्याच्या सहीवरून तिने बोट फिरवलं. इबादानचं कोर्ट, वकिलाचं नाव – सगळं सांगितलं. अर्ज कमरेच्या कापडात बांधून ती तिकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये चढली.

साडेतीन

जीप. चौघे. इया दारात सांगतेय, मास्तर घरात नाहीत. ऐकतायत कुठे –

अर्ज माझ्याकडेच आहे असं वाटतंय त्यांना. वाटू दे. ट्रक नदी ओलांडेपर्यंत –

जिन्यावर आले. एवढं लिहून वही छताच्या पत्र्याखाली –

मी सही केलेली नाही. मी सही –