आजीचा अर्धा फेरा

१२ फेब्रुवारी, सोमवार

मामाचा फोन. आजीला जाऊन तीन महिने झाले, तर म्हणे आता तिच्या आठवणींचं पुस्तक काढायचं! घरातल्या प्रत्येकाने एक पान लिहायचं. आणि टाइप कोण करणार? मी. का? तर "तुला दुकानात तसंही काय काम असतं?"

काम असतं! सकाळपासून दोन शिलाई मशिनं उघडली. एकाचं टाके सोडण्याचं दुखणं, दुसऱ्याच्या पोटात अख्खं बटण. हात कोपरापर्यंत काळे. फोनसुद्धा गालाने धरला होता.

ठेवता ठेवता म्हणाला, "आणि हो, दुकानाचंही बघायचंय. एक मोबाइलवाला विचारतोय. रविवारी सगळे जमलो की बोलू."

ठेवता ठेवता! खरा फोन त्याचसाठी होता. पुस्तक नुसतं तोंडी लावायला.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

पानं यायला लागली. सगळ्यांचं तुणतुणं एकच – आजीने जन्मात कुणाची मदत घेतली नाही.

मावशी लिहिते, आजोबा गेले तेव्हा आजीने त्यांची हत्यारांची पेटी उघडली, एक मशीन पूर्ण खोललं आणि आठवड्याने पुन्हा जोडून चालवून दाखवलं. दोन स्क्रू उरले. ते डबीत टाकून म्हणाली, "हे कंपनीने उगाच घातले होते."

मामेभाऊ लिहितो (याला अख्खं घर इंजिनिअर म्हणतं, त्यालाही दुसरं नाव आठवत नसेल) – पंचाहत्तराव्या वर्षी टेबलावर स्टूल, स्टुलावर आजी, हातात बल्ब. खालून याने स्टूल धरलं तर ओरडली, "सोड! तू धरलंस की ते हलतं!"

आणि प्रत्येकाच्या पानात तो अर्धा फेरा. स्क्रू घट्ट बसला की माणसं थांबतात. आजी थांबायची नाही. "आणि वर अर्धा फेरा," म्हणत मनगट वळवायची. मशीन दिवसभर धडधडतं, त्या धडधडीने स्क्रू ढिले होतात. तिचे कधी झाले नाहीत. तेवढ्यासाठी शिंपी लांबलांबून यायचे.

सगळं निमूट टाइप केलं. माझं पान कोरं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

एक गिऱ्हाईक आत आलं, मला नीट बघितलं, मग मागच्या खोलीकडे बघून म्हणालं, "दुसरं कुणी नाही का?" नाही! दुसरं कुणी नाही!

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

इथे लिहायला काय हरकत आहे? ही वही कोण वाचतंय!

आजीच्या बोटांतला जोर दोन वर्षांपूर्वीच गेला होता. पाच वाजता ती जिना चढून वर पडायला जायची. एकदा ती गेल्यावर मी तिने जोडलेलं मशीन पुसायला घेतलं. फडक्याबरोबर स्क्रू फिरला. फडक्याबरोबर! मग दुसरा. मग तिसरा. मी गुपचूप सगळे आवळले, वर अर्धा फेरा. त्या दिवसापासून रोज. शटर अर्धं ओढायचं, चोरासारखं आवळत बसायचं आणि जिन्यावर पाऊल वाजलं की झाडू उचलायचा. तिला कळलं असतं तर माझी खैर नव्हती. कारण तिच्यादेखत मला स्क्रूला बोट लावायची परवानगी नव्हती. "गोगलगाय, तू तेल घाल." गोगलगाय म्हणजे मी. काम हळू करते म्हणून. चौतीस वर्षांची झाले तरी गोगलगायच.

त्यात ती विसराळू झाली. मोठा पेचकस मशीनच्या डोक्यावरच ठेवून वर निघून जायची. हीच बाई! हत्यार जागेवर दिसलं नाही तर घर डोक्यावर घेणारी! आणि त्याच दोन वर्षांतला तो नवा हट्ट – मशीन त्याच दिवशी द्यायचं नाही. दुपारी दोनला काम संपलं तरी "उद्या या." गिऱ्हाइकं कुरकुरायची आणि बोलणी मला खावी लागायची. "अगं, झालंय तर देऊन टाक ना!" "उद्या." "पण का?" "उद्या म्हटलं ना!"

अजून चिडचिड होते. गेलेल्या माणसावर चिडून करायचं काय? भांडायला समोर तरी हवी होती.

१८ फेब्रुवारी, रविवार

सगळे दुकानातच जमले. खुर्च्या तीन, माणसं नऊ. मी काउंटरवर.

मामा फार गोड बोलला. "तुझ्याबद्दल काही नाही गं. पण लोक आईच्या हातासाठी यायचे. तो हात गेला. आता उगाच ओढत कशाला बसायचं?" दुकान त्याच्या नावावर आहे, त्यामुळे "बोलू" म्हणजे सांगू. पुढच्या रविवारी अकराला तो मोबाइलवाल्याला घेऊन येणार. किल्ली तयार ठेवायची.

मी म्हटलं, काम मला येतं. कुणी नाही म्हणालं नाही. कुणी हो पण म्हणालं नाही.

तेवढ्यात मावशीने तिचं मशीन काउंटरवर ठेवलं, आतून आवाज येतोय म्हणाली. गेल्या मार्चमध्ये आजीनेच दुरुस्त केलेलं. इंजिनिअर पुढे सरसावला. "द्या, मी उघडतो." पहिलाच स्क्रू. दात खाल्ले, लालबुंद झाला, पेचकस सटकला आणि अंगठ्याचं सालटं निघालं. मावशी टाळ्या पिटायला लागली. "बघा! ब्याऐंशीव्या वर्षी आवळलेला स्क्रू! तिशीतल्या गड्याला सुटेना!" सगळे हसले. मामाचे डोळे भरून आले. त्या स्क्रूचा फोटोसुद्धा काढला, पुस्तकासाठी!

तो मी आवळला होता. मार्चमध्ये. त्या दिवशी माझं मनगट सुजलं होतं म्हणून चांगलं लक्षात आहे.

अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. इंजिनिअरच्या अंगठ्याला पट्टी कुणी बांधली? मीच.

१९ फेब्रुवारी, सोमवार

का नाही बोलले? दिवसभर स्वतःलाच विचारतेय.

बोलले तर दुकान राहील, कदाचित. पण मामा म्हणेल, मेलेल्या बाईच्या नावावर दुकानापायी काहीही खपवते. आणि ज्या बाईला साधं स्टूल धरलेलं खपायचं नाही, तिच्या पाठीमागे मी दोन वर्षं तिच्या कामावर हात फिरवत होते, हे चारचौघांत सांगायचं? तिला हे मेल्यावरसुद्धा चाललं नसतं. आणि तिने मला शिकवलं कुठे? कधी म्हणाली का, पोरी, तुझा हात चांगला आहे? एकदा तरी? नाही. "तेल घाल." बस!

तिच्यासाठी गप्प बसतेय आणि तिचाच राग येतोय.

२१ फेब्रुवारी, बुधवार

आईला सांगून बघितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, "समजा, शेवटी शेवटी आजीला जमत नसतं तर–"

"आजीला? जमत नसतं?" आई हसायलाच लागली. "अगं, जायच्या आदल्या आठवड्यात तिने मला बरणीचं झाकण उघडून दिलं! माझ्याच्याने हलत नव्हतं!"

ती बरणी आईने ठेवली आणि आजीने उचलली, त्या मधल्या वेळात झाकण मी ढिलं केलं होतं. उठून दुसऱ्या खोलीत गेले.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

पिशवीवाली आली. कापडी पिशव्या शिवते, आजीचं जुनं गिऱ्हाईक. मशीन जाम. तिचं सगळं त्या एका मशीनवर चालतं. एक भाग मागवावा लागेल, शनिवारी येईल. म्हटलं, रविवारी सकाळी जोडून ठेवते, दहाला या. दुकानातलं शेवटचं काम. हे तिला सांगितलं नाही.

"आजींची फार आठवण येते गं," म्हणाली.

"सगळ्यांनाच येते," म्हटलं मी. तोडूनच बोलले. तिचा बिचारीचा काय दोष!

२४ फेब्रुवारी, शनिवार

हत्यारं पेटीत भरली. मोठा पेचकस तेवढा बाहेर, उद्यासाठी. त्याची मूठ एका बाजूने झिजलीय. आजीच्या अंगठ्याची जागा. आता माझाही तिथेच बसतो.

मामाचा मेसेज: "पुस्तकात तुझंच पान राहिलंय." लिहू काय? आजी हट्टी होती, विसराळू झाली होती आणि तिने मला तेलाच्या पुढे जाऊ दिलं नाही?

२५ फेब्रुवारी, रविवार

पिशवीवालीचं मशीन साडेनऊला झालं. सगळे स्क्रू आवळले, वर अर्धा फेरा. ती दहाला आली. म्हटलं, तयार आहे, न्या.

ती जागची हलेना. "आजच? उद्या नाही न्यायचं?"

"उद्या कशाला?"

"आजी कधी त्याच दिवशी द्यायच्या नाहीत. एकदा मी भांडलेच. तर म्हणाल्या, 'माझं झालंय, पण माझ्या बोटांत आता काही राहिलं नाही. संध्याकाळी गोगलगायीचा हात फिरल्याशिवाय मशीन दुकानाबाहेर जायचं नाही. पेचकस काढून ठेवते मी तिच्यासाठी. मला ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नकोस, उगाच लाजेल.'"

विसराळू नव्हती! विसराळू नव्हती!

दोन वर्षं, म्हातारे! एक शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?

पिशवीवालीला खुर्ची दिली. म्हटलं, अकराला मामा येतोय, तेवढं थांबा, हेच त्याला एकदा सांगा. थांबते म्हणाली.

पावणेअकरा. पेटीतली हत्यारं परत भिंतीवर लावतेय.