पदरातली गाठ

बारामती, शुक्रवार

दुष्काळाच्या जुन्या छायाचित्रांच्या एका संग्रहाच्या संकेतस्थळावरील छायाचित्रात खडी फोडणाऱ्या स्त्रीच्या पदराला गाठ आहे. छायाचित्राखालच्या नोंदीनुसार तीत बियाणे. आठवीला मी तेच शिकवत आले. आज वर्गात बोलावलेले, माझ्या विद्यार्थिनीचे, सईचे आजोबा, पिंपळीचे तात्या, म्हणाले, "बियाणं न्हाय बाई, सुकडी हाय ती. दुष्काळी कामावर खायला मिळायची. आमची आय न खाता आमच्यासाठी बांधून आणायची."

"नोंदीत स्पष्ट लिहिले आहे," मी बजावले. मुलांसमोर!

"लिहिणारा कधी उपाशी न्हाय राहिला वाटतं," तात्या म्हणाले.

ती गाठ डोळ्यांसमोरून हलत नाही. खडी फोडायला बियाणे कोण नेते? मला हे सुचू नये?

संकेतस्थळावरचा नोंद-दुरुस्तीचा अर्ज उघडला. 'माहितीचा आधार' या रकान्यापाशी थांबले. तात्यांचे पूर्ण नाव मी विचारलेच नव्हते.