मी घरातच होते

कर्मान, २२ आबान

प्रिय तूरान वन्सं,

सलाम. तलाक होऊन चार वर्षं झाली, तरी तुम्हाला दुसरं काय म्हणावं ते सुचत नाही. अहवाझचा उकाडा आता ओसरला असेल. गुडघे कसे आहेत? आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. गुलनूश सातवीत गेली. बाजारात डाळिंबं आली आहेत, पण यंदा रस आटवून ठेवायला हात धजला नाही.

बहादूर तुरुंगातून सुटला, हे कळलंच असेल. लग्नात त्याने मला कबूल केलेल्या मेहेरपैकी उरलेल्यावरचा हक्क मी सोडला. कारकुनाने दोनदा विचारलं, "खानुम, शंभरावर नाण्यांवर पाणी सोडताय. नीट विचार केलाय ना?"

लोक म्हणतात, फरंगीसचं मन मोठं. तसं काही नाही, वन्सं.

लग्नात मेहेरची एकशे दहा सोन्याची नाणी लिहिली, तेव्हा तुमचे बाबा हसून म्हणाले होते, "कागदच तर आहे, लिहा हवी तेवढी." तलाकनंतर कोर्टाने दर तीन महिन्यांनी एक नाणं ठरवून दिलं. बहादूरने पाच दिली आणि थांबला. गालिच्यांचं दुकान त्याने तुमच्या यजमानांच्या नावावर केलं, हे मला बाजारात परक्या माणसाकडून कळलं. तुम्ही दर आठवड्याला फोन करत होतात, पण याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. त्या रागात नाणी थकवल्याबद्दल मी त्याच्या अटकेचा अर्ज दिला. दुकान आधीच बुडालं होतं, हे मागाहून समजलं. समजल्यावरही मी अर्ज मागे घेतला नाही. तो आठ महिने आत राहिला.

तुमच्या आईंबद्दल लिहायचं टाळत होते.

त्या जाण्याच्या दोन दिवस आधी, मंगळवारी दुपारी माझ्याकडे आल्या होत्या. हे कुणालाच माहीत नाही. दार वाजलं. "फरंगीस, उघड गं. भांडायला नाही आले. माझ्या चार बांगड्या आणल्यात. एवढ्यात भागव आणि त्याला सोड. मला फार दिवस नाहीत."

गुलनूश उठली. "आई, आजी आलीये." मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

आई पायरीवर टेकल्या. त्यांचा श्वास आतपर्यंत ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "घरात नाहीस वाटतं. उद्या येईन." दुसऱ्या दिवशी त्यांना उठताच आलं नाही. गुरुवारी त्या गेल्या. बहादूरच्या रजेसाठी जामीन मिळेपर्यंत माती देऊन झाली होती.

शनिवारी मी हक्क सोडल्याची सही केली. तो सुटला त्या दिवशी तुरुंगाबाहेर उभी होते. केस पार पिकलेत त्याचे. जवळ येऊन त्याने एवढंच विचारलं, "आई म्हणत होती, मी जाऊन फरंगीसला समजावते. आली होती का?"

मी म्हटलं, "नाही."

तो म्हणाला, "बरं झालं. आली असती आणि तू नाही म्हणाली असतीस, तर मला ते सोसलं नसतं." मग माझे आभार मानले, वन्सं. माझे.

गुलनूश तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. परवा तिने विचारलं, "बाबांना मी सांगू का?" लेकरावर हे ओझं नको, म्हणून तुम्हाला लिहिलं. पत्र बहादूरला दाखवायचं की फाडायचं, तुम्ही ठरवा. दाखवलंत तर एकही ओळ गाळू नका, दुकानाचीसुद्धा.

माफी मागत नाही. जिच्याकडे मागायची, ती राहिली नाही.

तुमची म्हणवून घ्यायला आता संकोचणारी,
फरंगीस