गॅलरीचा चार्ज

१ नोव्हेंबर
काल रिटायर झालो. छत्तीस वर्षं सर्व्हिस, एकही मेमो नाही. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, आता घराकडे लक्ष द्या. देणार. उद्यापासून पाचला उठणार.

२ नोव्हेंबर, सकाळी ८.१०
उठायला उशीर झाला. दोष शरीराचा, निश्चयाचा नाही. घराची पाहणी केली. स्वयंपाकघरात विद्युल्लता मला उभं करत नाही. चौतीस वर्षांच्या संसारात तेवढं एक खातं तिने स्वतःकडे ठेवलंय. राहिली गॅलरी. तिथे तिच्या सात कुंड्या. जवस, करडई, चिवळीची भाजी. सगळं तिच्या माहेरचं, वाशीमकडचं. भिवंडीत चिवळ म्हणजे काय हे कुणाला सांगूनही कळणार नाही. गॅलरीचा चार्ज मी घेणार.

३ नोव्हेंबर
समोरच्या पॉवरलूममधलं कापसाचं तूस उडून पानांवर बसतं. विद्युल्लता ओल्या फडक्याने एकेक पान पुसते आणि पुटपुटते. काय बोलतेस, विचारलं. म्हणाली, काही नाही, मीठ संपलंय.
कुंड्यांतली माती तिने ऑगस्टमध्ये आणली, सासूबाई गेल्या तेव्हा. मला जाता आलं नाही. पेन्शनच्या फाइलमध्ये क्वेरी निघाली होती. तेराव्याला ती एकटीच गेली आणि येताना आईच्या शेतातली काळी माती गोणीत भरून घेऊन आली. वाशीमहून! जणू भिवंडीत माती नाही. कल्याण स्टेशनवर ती गोणी मी स्वतः उचलली, हे इथे नमूद करतो. (रिक्षापर्यंत.)

७ नोव्हेंबर
पाण्याचं वेळापत्रक तयार करून गॅलरीच्या दाराला सेलोटेपने चिकटवलं. प्रत्येक कुंडीला सकाळ-संध्याकाळ एकेक मग. विद्युल्लतेने चष्मा लावून वाचलं. म्हणाली, "अहो, ही कोरड्या रानातली झाडं. दवावरसुद्धा जगतात." इथे दव कुठलं? म्हणूनच तर पाणी.

१४ नोव्हेंबर
पानं पिवळी पडताहेत. कोन गावाहून भाजी घेऊन येणारी धोंडूबाई दारातूनच म्हणाली, "भाऊ, पानी लय झालं. मुळं कुजतील. ही झाडं आपल्याकडची न्हाय." भाजी विकणं वेगळं, शास्त्र वेगळं. बाईला तसं बोललो नाही. दुपारी तेरा व्हिडिओ पाहिले. निष्कर्ष: दोष मातीत आहे.

१९ नोव्हेंबर
मोठं काम झालं. विद्युल्लता डोळे तपासायला कल्याणला गेली होती. ती येईपर्यंत सातही कुंड्यांतली माती काढून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलं. सरप्राइज. निघालेली माती गेटजवळचा खड्डा बुजवायला दामू वॉचमनला दिली. सोसायटीचंही काम झालं. वरून दोन टेम्पो गेले, छान दबून बसली.
ती आली. कुंड्यांकडे बघत राहिली. माती कुठाय, म्हणाली. सांगितलं. तशीच खाली गेली. वरून दिसत होती, बराच वेळ गेटपाशी उभी होती. परत आली तेव्हा डोळे लाल होते. तपासताना औषध घालतात, त्याने होतं. म्हणाली, "दादाने ते शेत विकलं हो. परवाच." मी म्हटलं, मग सुटलाच की प्रश्न, आता ती माती सांभाळून करायचं काय होतं? तिने चहा केला. चहा उत्तम होता. म्हणजे रागावलेली नाही.

२५ नोव्हेंबर
विद्युल्लता हल्ली गॅलरीत येतच नाही. पूर्ण विश्वास टाकलाय माझ्यावर. चिवळ गेली. करडईची पाचपैकी चार रोपं गेली. पाचव्याबद्दल आशावादी आहे.

२ डिसेंबर, सकाळी
जवसाला फूल! निळं. मोठ्याने हाक मारली. ती उंबऱ्यापर्यंत आली, तिथूनच पाहिलं. म्हणाली, "आईच्या शेतात या दिवसांत सकाळी नुसतं निळं दिसायचं." पंधरा दिवसांतलं तिचं सर्वात लांब वाक्य. माझ्या पद्धतीचा विजय.

दुपारी १
पाकळ्या गळाल्या. रोग. ताबडतोब औषध मारलं, डबल डोस.

संध्याकाळी
ती म्हणते, जवसाचं फूल दुपारपर्यंतच असतं, दुसऱ्या दिवशी दुसरं उमलतं. हे तिने आधी सांगायला हवं होतं.

३ डिसेंबर
रोप करपलं.

५ डिसेंबर
विद्युल्लता वाशीमला तुळजाताईंकडे गेली. थोरली बहीण, गुडघे दुखतात त्यांचे. आठ दिवसांसाठी. स्टेशनवर येऊ का विचारलं. नको म्हणाली. माझ्या कमरेची काळजी करते. बॅगा दोन होत्या. थंडी असते तिकडे, स्वेटर वगैरे.

१३ डिसेंबर
आठ दिवस झाले. रिझर्व्हेशन मिळत नसणार.
कुंड्या धुऊन पालथ्या घातल्या. तेवढीच शिस्त.

२२ डिसेंबर
रोज खिचडी. पचायला हलकी.

२७ डिसेंबर
तनयाचा पुण्याहून फोन. मी म्हटलं, आईचं रिझर्व्हेशन तू ऑनलाइन काढून टाक, तिला जमत नसेल. लेक म्हणाली, "बाबा, आईने मावशीच्या परसात वाफे केलेत. मेथी लावलीय, सांबार लावलाय." सांबार म्हणजे कोथिंबीर, तिकडे तसंच म्हणतात. मी म्हटलं, कोथिंबीर तर धोंडूबाई रोज आणते. तनया म्हणाली, "तुम्ही स्वतः एकदा विचारा ना तिला." विचारणारच होतो. पण वर्षअखेर असते.

३ जानेवारी, सकाळी ९
फोन केला. आधी माझ्या कमरेचं, मग तुळजाताईंच्या गुडघ्यांचं बोलणं झालं. मग विचारलं, कधी येतेस? विद्युल्लता म्हणाली, "इथं बरं वाटतंय." मी हसून म्हटलं, मग भिवंडीत काय बरं वाटत नव्हतं? ती म्हणाली, "वाटायचं ना. सकाळी. गॅलरीत."
हॅलो हॅलो केलं, रेंज नाही म्हटलं आणि फोन ठेवला.
रेंज होती.