फ्रीझरमधले दोन डबे

धायरी, पुणे
२० मे

प्रिय अफशीनआपा,

सलाम. अम्मी-अब्बा मजेत आहेत, मी मजेत आहे, आणि कालपासून आपला फ्रीजही मजेत आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाड.

तर आपा, फ्रीज मी दुरुस्त केला. मी, जिला तू साधा बल्बसुद्धा बदलू द्यायची नाहीस. झालं असं, की वर फ्रीझरमध्ये दगडासारखा बर्फ आणि खाली दूध रोज नासायचं. मेकॅनिकने फोनवरच सांगून टाकलं, जुना झालाय, नवा घ्या. अब्बा म्हणाले, "हे सांगायला शेजारी आहेत की, फुकट."

मग मी ओढणी खोचली. दारात कागद अडकवून ओढून पाहिला. घट्ट बसला होता, म्हणजे दाराचं रबर ठीक. भिंतीला चिकटलेला फ्रीज वीतभर पुढे ओढला, मागची जाळी ब्रशने झाडली. इतकी धूळ निघाली की अम्मी ओशाळली. तरी खाली गरमच. शेवटी डोक्यात प्रकाश पडला. खालच्या कप्प्यांत गारवा फ्रीझरमधूनच येतो, त्याच्या मागच्या भिंतीतल्या फटींतून. तिथे हात नेला तर नुसता बर्फ. फ्रीज बंद केला, दार उघडं टाकलं आणि आत गरम पाण्याचं पातेलं ठेवलं.

बर्फ सुटला तसे त्या फटींना टेकवून ठेवलेले स्टीलचे दोन डबे निघाले. आत कुर्बानीचं मटण. मी म्हणाले, हे कुणी कोंबलंय इथे, फेकून देते.

"हात लावू नकोस," अब्बा म्हणाले. "अफशीनचा वाटा आहे."

आपा, तू तालिबभाईंशी लग्न करून नाशिकला गेलीस तेव्हापासून अब्बांनी तुझं नाव घेतलं नव्हतं. आम्हालाही घेऊ दिलं नव्हतं. आणि त्यानंतरच्या दोन्ही बकरी ईदना, अम्मीलाही कळू न देता, नातेवाइकांच्या वाट्यातून तुझा वाटा काढून ते पार मागे लपवत होते. तेच डबे उराशी धरून ते वरच्या मजल्यावर शर्मिलाकाकूंच्या फ्रीजमध्ये ठेवायला गेले. कुणाकडे कधी विरजणही न मागितलेला माणूस. मी तिथेच ओल्या फरशीवर बसून रडले.

आता खालच्या बाटल्या मस्त गार होतात. पण मी काही फ्रीजसाठी लिहायला बसले नाही, हे तुला कळलंच असेल. ईदला आठवडा राहिलाय. आज सकाळी चहा पिता पिता अब्बा म्हणाले, "यंदा वाटा ठेवणार नाही. फ्रीज बिघडतो. ज्यांचा आहे त्यांनी येऊन जेवून जावं."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. जरा वेळाने पेपरातून मान वर न काढता त्यांनी विचारलं, "त्या पोराला तिखट चालतं का?"

मला माहीत नाही, आपा. काय सांगू त्यांना?

यंदा फ्रीझरमध्ये तुझ्यासाठी जागा न ठेवणारी,
तुझी यास्मिन