साक्षीदाराचा अंगठा

४ नोव्हेंबर
सगळं बदललं ते आज अकराच्या सुमारास, मंजुश्रीनं माझा अंगठा धरला तेव्हा. कॉलेज अर्ध्यात सोडून लातूरहून नांदेडला आलो ते तिच्याचसाठी. बाबांना सांगितलं, नोकरी लागलीय. तीही आज लागली. सांधेदुखीच्या नव्या औषधाची चाचणी चालते त्या केंद्रात मंजुश्री कामाला हाय, आणि मी साक्षीदार. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती संमतीपत्र वाचून दाखवणार, ते अंगठा देणार, खाली माझी सही, की माझ्यासमोर वाचलं आणि यांना समजलं. शाईचा पॅड वाळलाय का बघू, म्हणत तिनं माझाच अंगठा एका कागदावर दाबला. हसून राहिली होती. शाई अजून पुसली नाही.

९ नोव्हेंबर
देगलूरकडच्या गुरम्मामावशी सांधेदुखीच्या चाचणीला आल्या. मंजुश्री घाईत होती. म्हणाली, तू सही करून टाक, मी वाचते नंतर. केली. पुढच्या वीस कोऱ्या संमतीपत्रांवरही केली. तिनं सांगितलं तर भिंतीवर करीन. मला ती रोज व्हिटॅमिनची गोळी देते, लई वाळलास म्हणते. घरी कुणी एवढं बघितलं नाही.

१८ नोव्हेंबर
मावशी म्हणाल्या, "लेकरा, ह्यो अंगठा झोपलाय माजा. उठून न्हाई राहिला." सुई टोचून दाखवली. रक्त आलं, त्या बघतच राहिल्या. विचारलं, कागदात हे लिवलं होतं का रे. मी हाव म्हणालो. मग जाऊन कागद पहिल्यांदा वाचला.
लिहिलं होतं. चौथ्या पानावर. बोटं बधिर होतील, कदाचित कायमची. खाली हेही, की कारण न सांगता कधीही बाहेर पडता येईल.
मंजुश्रीवर ओरडलो. ती म्हणाली, सही कुणाची हाय ते बघ.

२१ नोव्हेंबर
सकाळी चहाचा कप सुटला. हात भाजला, कळलं नाही. माझाही अंगठा—
व्हिटॅमिन.

२२ नोव्हेंबर
तिचं कपाट फोडलं. माझ्या नावाचं संमतीपत्र. निरोगी गट, म्हणजे आजार नसलेल्यांना औषध देऊन बघायचं. तारीख ४ नोव्हेंबर. 'रुद्रेश, वाचता येत नाही.' वर माझा अंगठा. साक्षीदार मंजुश्री. तीच गोल सही, जी मी वहीभर गिरवली—
वाचता येत नाही. मला.

२४ नोव्हेंबर
बाहेर पडतो म्हणून अर्ज दिला. साक्षीदाराच्या सहीशी ही सही जुळत नाही म्हणाली. जुळेल कशी, पेन धरवत— मग अंगठा दे म्हणाली. माझा हात धरला. तोच हात. धरला की नाही, बघावं लागलं—

२५ नोव्हेंबर
डाव्या हातानं लिहितोय. मावशीला चौथं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा. त्या म्हणाल्या, चल लेकरा, आपण जाऊ. वीसही कागद पिशवीत घेतले. मंजुश्री आडवी आली. म्हणाली, साक्ष देशील तर तूच अडकशील. अडकू दे—
निघालो. दार ओढून घेतलं. आता बाहेर पायरीवर. मावशी म्हणाल्या कडी लई गार हाय. मी डाव्या हातानं लावली. मला तर ह्या हातालाही काहीच—